कोरांटी : घरच्या अंगणात आणि शाळेच्या कुंपणात



शाळेची बाग हा विषय आपणांस नवा नाही. जून महिन्यात मोठ्या उत्साहाने खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, मुले आपापल्या नावाच्या पाट्या उभारतात. श्रावण-भाद्रपदात बाग डोळ्यांत भरते. पौष-माघापर्यंत ती कशीबशी टिकते, आणि चैत्र लागला की पाने गळू लागतात. मे महिन्याच्या सुटीत शाळा बंद असते. जूनमध्ये कुलूप उघडून आपण आत पाऊल टाकतो, तेव्हा रोप गेलेले असते व पाटी मात्र उभी असते. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. मीही अनेक वेळा पाहिले आहे.

आपल्या जिल्ह्यात पाऊस थोडा पडत नाही. सामान्यतः दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. ज्या शहापूर तालुक्यात तानसा व भातसा यांसारखे विस्तीर्ण जलाशय आहेत, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा परिस्थितीत बाग लावताना कोणते फूल सुंदर दिसते हा पहिला प्रश्न नसून, कोणते झाड कोणाच्या घरचे पाणी न घेता जगेल, हा पहिला प्रश्न होय. या प्रश्नाला माझ्या समजुतीप्रमाणे जे एक चांगले उत्तर आहे, ते या पाठात मांडावयाचे आहे. ते उत्तर म्हणजे आपली कोरांटी.

एक जुना अनुभव

उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे बरे. मी नोकरीस लागलो तेव्हाची, सुमारे तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. मुरबाड तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली होती. अध्यापक विद्यालयातून नुकताच बाहेर पडलो होतो व शाळा आदर्श करून दाखविण्याची उमेद होती. स्वतःच्या पगारातून रोपवाटिकेतील गुलाब, क्रोटन व शोभेची इतर रोपे आणून मी चाळीस कुंड्या मांडल्या. तपासणीस आलेले साहेब प्रसन्न झाले. शेरेपुस्तकात बागेविषयी दोन ओळी लिहिल्या गेल्या. मला धन्यता वाटली.

बागेला पाणी घालण्याचे काम मी चौथीतील पाच मुलींकडे दिले होते. फेब्रुवारी संपल्यावर गावची विहीर खोल गेली. मार्चअखेर हजेरीपत्रकाची बेरीज करीत असता माझ्या ध्यानात आले, की त्या पाच मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत आहेत. त्यांतील एकीच्या घरी चौकशीसाठी गेलो. तिची आई ओसरीवर भाकरीचे पीठ मळीत होती. ती म्हणाली, "गुरुजी, पोर दोन खेपा घरच्या करते आनि एक तुमच्या झाडांची. तवर तुमची घंटा होऊन जाते. मंग ती लाजते, येत नाय."

मी गप्प राहिलो. तिने परसातील वईकडे हात केला. तेथे कोरांटीची दाट झुडुपे उभी होती. "ह्या कोरांटीला कोन पानी घालतं? तरी दर साली फुलतेच ना?" एवढेच ती बोलली व पुन्हा पिठात हात घातला.

त्या रात्री मी हिशेब मांडला. चाळीस कुंड्या, प्रत्येकीस दिवसाला दोन तांबे, म्हणजे सुमारे ऐंशी लिटर पाणी, पाच हंडे. दररोज पाच हंडे पाणी मी मुलींच्या डोक्यावरून शाळेत आणवीत होतो, ते साहेबांच्या दोन ओळींसाठी. दुसऱ्या दिवशी पाण्याचे काम बंद केले. कुंड्यांतील रोपे एप्रिलमध्ये गेली. पाचांपैकी चार मुली नियमित येऊ लागल्या. एक मात्र पुन्हा आली नाही. ती केवळ माझ्या बागेमुळे गेली असे मी म्हणत नाही. पण तिच्या जाण्यात माझ्या बागेचा मुळीच वाटा नव्हता, असेही मला म्हणवत नाही. पुढील जूनमध्ये त्याच आईकडून फांद्या मागून आणल्या व शाळेभोवती कोरांटी लावली.

वनस्पतीची ओळख

कोरांटी, काटेकोरांटी, पिवळी कोरांटी, वज्रदंती अशी हिची नावे आपल्याकडे चालतात. अमरकोशात पिवळ्या फुलांच्या प्रकारास 'कुरंटक' असे नाव दिले आहे. आपल्या 'कोरांटी' या शब्दाचे मूळ त्यात सहज ओळखू येते. शास्त्रीय नाव 'बार्लेरिया प्रायोनायटिस' असे असून ते लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली दिले. जॅक बार्लिये या सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक-वनस्पतिज्ञाच्या नावावरून 'बार्लेरिया' हे प्रजातिनाम पडले आहे.

अडुळशाचे जे कुल, तेच कोरांटीचे. अबोली, तालिमखाना आणि आपल्या डोंगरांवर काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी ही सर्व त्याच कुलातील भावंडे होत. येऊरच्या किंवा माहुलीच्या बाजूस सहल नेल्यास मुलांना हे नाते प्रत्यक्ष दाखविता येईल.

कोरांटीचे झुडूप साधारणपणे एक ते दीड मीटर उंच वाढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. पानाच्या बगलेत तीन-चार तीक्ष्ण काट्यांचा झुबका असतो. फुले पिवळी ते नारिंगी-पिवळी असून पावसाळा सरल्यावर येऊ लागतात व थंडीत भरास येतात. फुलाची नळी लांब असते. पाच पाकळ्यांपैकी चार एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस, अशी त्यांची मांडणी असते. दोन लांब पुंकेसर फुलाबाहेर डोकावतात. फुलाखालील हिरवी दले चार असतात; त्यांतील बाहेरची दोन मोठी व आतील दोन लहान. फळ म्हणजे चोचीसारख्या टोकाचे लहान बोंड. त्यात दोन चपट्या बिया असतात.

जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या कोरांट्याही बागांतून आढळतात. त्या याच प्रजातीतील पण निराळ्या जातींच्या आहेत, आणि त्यांतील काहींना काटे नसतात. जेथे लहान मुलांचा वावर जास्त आहे, तेथे बिनकाट्याची जात निवडावी.

देशी झाड म्हणजे काय?

'देशी' हा शब्द आपण अभिमानाने वापरतो. पण त्याचा अर्थ मुलांना नीट समजावून द्यावयास हवा. झाड देशी असणे हा त्याचा स्वतंत्र गुण नव्हे. त्या झाडाचे व त्या भूमीचे जे जुने नाते असते, त्याचे ते नाव आहे.

घाणेरी किंवा टणटणी आपण सर्वत्र पाहतो. मुलांना ती येथलीच वाटते. वस्तुतः ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील असून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून हिंदुस्थानात आणली गेली. आज ती रानेच्या राने व्यापून बसली आहे. तिच्या दाट जाळ्यांखाली गवत व इतर रोपे यांना वाढावयास जागा उरत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्याकडे गुणी व निरुपद्रवी असलेली हीच कोरांटी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात शोभेसाठी नेली गेली, बागांतून बाहेर निसटली आणि तेथे तिची गणना उपद्रवी तणांत होऊ लागली. म्हणजे घाणेरी दुष्ट व कोरांटी सुष्ट, असा प्रकार नाही. आपल्या भूमीत कोरांटीची पाने खाणाऱ्या अळ्या आहेत, तिच्याशी स्पर्धा करणारी झुडुपे आहेत, तिला आवर घालणारा ऋतू आहे. परक्या भूमीत हा आवर नसतो. काही पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या कोरांटीच्या व तिच्या कुलातील इतर झाडांच्या पानांवर वाढतात. म्हणून पानाला भोक पडलेले दिसताच औषधाची फवारणी करू नये. ते भोक कशाने पडले हे मुलांना शोधावयास सांगावे.

लागवड

वेळ : शाळा जूनच्या मध्यास उघडते व पाऊसही त्याच सुमारास स्थिरावतो. हाच लागवडीचा योग्य काळ होय. जुलैअखेरपर्यंत काम उरकावे.

कलम : बियांपासून रोपे होतात, तथापि फाटे कलम अधिक सोपे आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही व फार जून नाही, अशी फांदी निवडावी. तिचे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, खालची पाने काढून टाकावीत व दोन डोळे मातीत जातील असे कलम रोवावे. काटे असल्यामुळे कापण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांनी माती भुसभुशीत करणे, कलमे रोवणे व माती दाबणे ही कामे करावीत.

जागा : ऊन भरपूर असावे. सावलीत झुडूप जगते, परंतु फुले कमी येतात. मुरमाड, खडकाळ, हलकी जमीनही चालते. चालत नाही ती पाणी साचणारी जागा. शाळेच्या ओट्यावरून पागोळ्या पडतात तेथे लावू नये. दळदळीची जमीन असल्यास वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावावे.

अंतर : कुंपणासाठी दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकटे झुडूप वाढवावयाचे असल्यास चोहोबाजूंनी एक मीटर जागा सोडावी. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत पुरे होते. रासायनिक खताची आवश्यकता नाही. अंगणवाडीची मुले खेळतात तेथे, घसरगुंडीजवळ व दाराच्या वाटेवर काटेरी जात लावू नये.

पाणी : येथे गैरसमज होऊ नये. 'पाण्यावाचून जगते' याचा अर्थ पहिल्या दिवसापासून जगते असा नव्हे. पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यापासून आठवड्यातून एकदा प्रत्येक रोपास एक तांब्या पाणी द्यावे. त्यासाठी वेगळे पाणी आणू नये. पोषण आहाराचे तांदूळ धुतलेले पाणी शाळेत रोज निघते, तेच मुलांनी पाळीपाळीने आळ्यांत ओतावे. साबणाचे पाणी मात्र घालू नये. सुटी लागण्याच्या दिवशी आळी भरून पाणी द्यावे व वर चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. काही रोपे तरीही जातील. त्यांच्या जागी जूनमध्ये नवी कलमे लावावीत. मुळे खोल गेल्यावर, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून, जमिनीतील कोरांटीस वेगळे पाणी देण्याची गरज सहसा पडत नाही. कडक उन्हाळ्यात ती पाने गाळते व वाळल्यासारखी दिसते. ती उपटू नये. पहिल्या पावसाने तीच पुन्हा फुटते.

निगा व छाटणी : माझ्या अंगणातील दोन चुका

ठाण्यास रेल्वेच्या पूर्वेस, खाडीच्या अलीकडे, कोपरी येथे माझे घर आहे. तळमजल्याच्या घरापुढे आठ फूट लांब व तीन फूट रुंद एवढीच जमीन माझ्या वाट्यास आली आहे. तेथे कोरांटीची तीन झुडुपे आहेत. त्यांनी मला दोन गोष्टी शिकविल्या.

पहिली अशी : शहरात नळाचे पाणी दाराशी असते, म्हणून मी प्रेमापोटी दररोज पाणी घालीत गेलो. एका झुडपाची पाने पिवळी पडली. पाणी कमी पडले असे समजून मी आणखी घातले. झुडूप उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती. उपासमारीने न मरणारे झाड अति लाडाने मेले. वर्गातील काही मुलांच्या बाबतीतही आपले असेच होते काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरी अशी : गणपतीच्या आधी अंगण नीटनेटके दिसावे म्हणून एका वर्षी मी ऑगस्टअखेर झुडुपे कातरली. त्या थंडीत जेमतेम मूठभर फुले आली. कारण ज्या कोवळ्या शेंड्यांवर कळ्या धरावयाच्या, तेच मी कापून टाकले होते. म्हणून मुख्य छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. झुडूप एकतृतीयांश कमी करावे. जूनमध्ये वेडीवाकडी फांदी काढण्यास हरकत नाही. त्यानंतर बहर सरेपर्यंत कात्री लावू नये. छाटलेल्या काटेरी फांद्या वाटेवर पडू देऊ नयेत; मुले अनवाणी असतात.

कोरांटीचा उपयोग

दोन वर्षांत कुंपण दाट होते. काट्यांमुळे शेळ्या व गुरे सहसा आत शिरत नाहीत. ज्या शाळांनी पोषण आहारासाठी परसबाग केली आहे, त्यांना हे कुंपण विशेष उपयोगी आहे. तारेचा खर्च वाचतो. फुले देवपूजेस चालतात व स्त्रिया वेणीत माळतात. सावित्रीबाई फुले यांची जयंती 3 जानेवारीस येते. त्या सुमारास कोरांटी फुललेली असते. प्रतिमेस वाहण्याची फुले बाजारातून विकत न आणता शाळेच्या कुंपणावरून मुलींनी वेचून आणावीत, यात औचित्यही आहे.

दातांच्या व हिरड्यांच्या दुखण्यावर हिचा पाला चावण्याची रीत गावोगाव आहे. त्यावरूनच 'वज्रदंती' हे नाव आले. ही माहिती मुलांना सांगावी. परंतु शाळेत कोणाही मुलावर पाल्याचा प्रयोग करू नये. दुखणाऱ्या दातास दवाखाना हाच मार्ग दाखवावा.

वर्गातील पाठ

इयत्ता : तिसरी ते पाचवी. वेळ : दोन तासिका. काळ : डिसेंबर-जानेवारी.

साहित्य : फुललेली एक फांदी (काटे कापून), वाळलेली बोंडे, पेलाभर पाणी, भिंग असल्यास भिंग, वह्या.

निरीक्षण : फांदी मुलांच्या हाती द्यावी व आधी काही सांगू नये. पाने कशी लागली आहेत? काटा कोठून निघतो? पाकळ्या किती, व त्या सारख्या अंतरावर आहेत काय? हिरवी दले सर्व सारखी आहेत काय? प्रत्येक मुलाने आकृती काढावी. आकृती सुबक नसली तरी चालेल. मोजणी बरोबर असावी.

प्रयोग : कोरांटीची सहा वाळलेली, न उकललेली बोंडे घ्यावीत. तीन उन्हात कागदावर ठेवावीत, तीन पाण्यात टाकावीत. जवळ अबोली असल्यास तिचीही बोंडे तशीच वाटून ठेवावीत. कोणती, केव्हा व कशी तडकतात, बी किती वितींवर जाऊन पडते, हे मुलांनी लिहून काढावे. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये. नंतर कोरांटीचे एक बी भिजवून बोटांत धरावे. त्यावरील चिकटून बसलेली लव ओलाव्याने उभी राहते व बी बुळबुळीत होते. असे बी ओल्या मातीस चिकटून राहते, ही त्या झाडाची सोय मुलांच्या ध्यानी आणून द्यावी.

गणित : (1) नऊ मीटर लांबीच्या कुंपणावर 45 सेंटिमीटर अंतराने रोपे लावावयाची आहेत. दोन्ही टोकांस रोप हवे. एकूण रोपे किती? मुले बहुधा 20 असे उत्तर देतील. त्यांना अंगणात नेऊन दगड मांडावयास सांगावे, म्हणजे 21 हे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल. (2) 40 कुंड्यांना दररोज प्रत्येकी 2 लिटर पाणी लागते. 16 लिटरचा हंडा असल्यास किती हंडे? हे पाणी तुमच्या गावात कोण आणील, व त्यासाठी किती वेळ लागेल? या दुसऱ्या उदाहरणाचा शेवटचा भाग मुलांनी घरी विचारून यावा.

भाषा : 'आमच्या वईवरची झाडे' या विषयावर घरातील आजीस किंवा आजोबांस विचारून दहा ओळी लिहाव्यात. झाडांची नावे आपल्या बोलीत जशी असतील तशीच लिहावीत. ती खोडून प्रमाण शब्द घालण्याची घाई करू नये. वारली, कातकरी व ठाकर मुलांकडे अशी पुष्कळ नावे असतात, जी आपल्या पुस्तकांत नाहीत. त्या दिवशी तीच मुले वर्गाचे गुरुजी होतील.

शेवटी

शाळेची बाग तपासणीसाठी नसते, मुलांसाठी असते, हे वाक्य आपण भाषणातून नेहमी ऐकतो. ते खरे आहे की नाही हे तपासण्याची एक सोपी रीत सांगतो. मार्च महिन्यात बागेकडे न पाहता हजेरीपत्रकाकडे पाहावे. बाग हिरवी राहून हजेरी वाळत असेल, तर झाड चुकले आहे.

आपल्या गावच्या वईवर कोरांटी असेलच. ती नसल्यास निर्गुडी, अडुळसा किंवा मेंदी असेल. रोपवाटिकेत जाण्यापूर्वी त्या वईपाशी थांबावे, घरधनिणीस विचारून चार फांद्या मागाव्यात व हे झाड कोणी लावले, केव्हापासून आहे, याची चौकशी करावी. मी भेटीस येईन तेव्हा मला कुंड्या दाखवू नयेत; ती फांदी कोणाच्या घरून आली, हे मुलांनी मला सांगावे. बागेविषयी माझा तेवढाच प्रश्न राहील.